बशीत पाणी आलं की झालं

कोथरूडपासून डोंबिवलीपर्यंत, ज्या सोसायटीत उन्हाची गॅलरी आहे तिथे एक सक्युलंटवाले काका असतातच. निवृत्त, टापटीप, हिशेबाला चोख. कठड्यावर जेड, एचेव्हेरिया, हॉवर्थिया अशी चिठ्ठी लावलेल्या कुंड्या ओळीने मांडलेल्या. वळणदार अक्षर, खाली खरेदीची तारीख. दर रविवारी काका स्टीलच्या पेल्याने पाणी घालतात, खाली वाकून बशीत पाणी आलेलं बघतात आणि समाधानाने कॅलेंडरवर खूण करतात. महिन्याभरात जेडची पानं सुरकुततात. काकू म्हणतात, "अहो, तहानलंय ते." काका बशी पुढे करतात. एवढा ओला पुरावा समोर असताना काकूंचं कोण ऐकणार?

काकांना निष्काळजी म्हणणं अन्यायाचं होईल. ते घात करतात तो काटेकोरपणाने. बशीतल्या पाण्यावरून माती भिजली असं मानणं म्हणजे परत आलेल्या पाकिटाला पोच समजणं. कोकोपीट किंवा पीट मॉसचं मिश्रण कडक उन्हात पुरतं वाळलं की पाण्याला दाद देत नाही. कणांवरचा सेंद्रिय, मेणचट थर पाण्याला आत शिरू देत नाही, थेंब वरच गोळा होऊन घरंगळतात. पीटचा हट्ट जास्त, कोकोपीटचा जरा कमी. शिवाय वाळताना मातीचा गोळा आकसतो आणि कुंडीच्या कडेला फट पडते. पेल्यातलं पाणी त्या फटीतून थेट तळाच्या भोकाबाहेर येतं. मधली मुळं कोरडीच. खात्री हवी असेल तर स्वयंपाकघरातला वजनकाटा आहेच. दोनशे मिलिलिटर पाणी म्हणजे दोनशे ग्रॅम. बशी बाजूला काढून, पाणी घालण्याआधी आणि निथळल्यावर कुंडी तोलावी. वजन जेमतेम वीस-तीस ग्रॅमने वाढलं, तर बाकीचं कुठे गेलं हे काकांसारख्या हिशेबी माणसाला सांगावं लागू नये.

यावर काकांचं उत्तर तयार असतं : "नर्सरीवाल्यानेच सांगितलंय, सक्युलंटला पाणी कमी." सांगितलं ते खरंच आहे, पण त्याचा अर्थ क्वचित घाला असा, घालाल तेव्हा पोटभरच घालायचं. घोटभर पाणी घालून केलेला संयम झाडाच्या काही कामाचा नाही. पोटभर पाजायचं तर कुंडीच पाण्यात ठेवावी. त्यावर काकांची दुसरी हरकत जास्त वजनदार : टबात ठेवलं तर मुळं कुजतील. कुजतात, पण ती दिवसचे दिवस पाण्यात राहिली तर. घमेल्यात कुंडीच्या निम्म्या उंचीएवढं पाणी घेऊन कुंडी अर्धा तास ठेवली, वरची माती ओलसर झाली की काढून निथळू दिली, तर काही बिघडत नाही. उलट काकांच्या त्या लाडक्या बशीत साचून राहणारं पाणीच जास्त घातक. माती फारच अडून बसली तर काडीने हलकी भोकं पाडावीत, किंवा लिटरभर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एखादा थेंब टाकावा. त्याने पाण्याचा पृष्ठताण कमी होतो आणि ते कणांना चिकटतं. हे मात्र कधीमधी, दर रविवारचं व्रत म्हणून नव्हे.

पानं मऊ, पिवळट, पारदर्शक झाली असतील तर रोग उलटा आहे. तिथे पाणी थांबवायचं. सुरकुतलेली असतील तर काकूंचं बरोबर आहे. तेव्हा काका, घमेलं काढा, आणि बशा चहाला परत द्या.