बॅटरीवाले काका

निवृत्तीनंतर माणसं गीता वाचतात, नातवंडांना शाळेत सोडतात किंवा सोसायटीच्या सेक्रेटरीला छळतात. हैदराबादेतल्या मराठी मंडळींत हल्ली चौथा प्रकार दिसू लागलाय: रिमोटवर चालणारी मासेमारीची बोट बाळगणारा काका.

हा काका बहुधा विवेक वर्धिनीत शिकलेला, बालानगरच्या कुठल्याशा कारखान्यात मेंटेनन्सला हाडं झिजवलेला आणि सात पिढ्यांचा शाकाहारी असतो. त्याच्या घरात मासा असतो तो दशावताराच्या कॅलेंडरवर. जूनमध्ये मृगाच्या मुहूर्तावर नामपल्लीच्या मैदानात दम्यासाठी जिवंत मरळ गिळायला लोटलेल्या गर्दीत तोही जातो, पण शाकाहाऱ्यांसाठी असलेलं गुळातलं औषध घेऊन परततो. अशा माणसाला मुलानं परदेशातून बोट आणून दिली. बोटीच्या पोटात दीडेक किलो पेंड आणि कोंडा भरायचा, त्यातच गळ ठेवायचा, बोट तळ्याच्या मध्यावर न्यायची आणि बटण दाबून सगळं पाण्यात सोडायचं. कटल्यानं यावं, खावं, अडकावं, अशी कल्पना.

कटला कधी आला नाही. पण बोटीत बॅटरी होती आणि काकांच्या आयुष्याला पुन्हा मेंटेनन्स लाभला.

लिथियमच्या दोन सेलची ही बॅटरी पूर्ण भरली की 8.4 व्होल्ट दाखवते. 6 च्या खाली गेली तर कायमची आजारी पडते. काका तिला तिथवर जाऊच देत नाहीत. 7.6 व्होल्टच्या आसपास बोट माघारी. ‘जाताना वारा पाठीशी असतो, येताना तोंडावर. निम्मी शिल्लक असतानाच वळायचं!’ हे ते इतक्या गांभीर्यानं सांगतात की आपण तळ्याच्या काठी आहोत की एव्हरेस्टच्या पायथ्याशी, तेच कळेनासं होतं. त्यातून पंख्यात जलपर्णी अडकली तर मोटार दुप्पट करंट ओढते. मग थर्माकोलच्या तराफ्यावरच्या पोराला हाक मारावी लागते आणि तो बोटीचे पैसे माणसाच्या दरानं घेतो.

घरी आल्यावर बॅटरी बोटीतून काढायची, टोकं कोरडी पुसायची आणि अर्धा तास तिला निवू द्यायची. गरम असताना चार्जिंगला लावणं म्हणजे पाप. चार्जिंग कडप्प्याच्या ओट्यावर, कारण दगड पेट घेत नाही. शेजारी स्टूल टाकून काका स्वतः बसतात, कारण चार्जरवर लागलेल्या लिथियमकडे पाठ फिरवायची नाही. तोवर ओट्यावर स्वयंपाक बंद.

‘दोन बाळंतपणं झाली माझी, एकदाही असे उशाशी बसले नाहीत,’ असं काकू आल्या-गेल्याला सांगतात. ‘माझी बीपीची गोळी संपली ते ठाऊक नसतं, पण तिचे व्होल्ट दशांशापर्यंत पाठ!’

काकूंचा खरा संताप घरातल्या भेदभावावर आहे. इन्व्हर्टरची जुनी शिशाची बॅटरी कायम भरलेली हवी. रिकामी ठेवली तर तिच्या पत्र्यांवर सल्फेटचा थर बसतो आणि ती कामातून जाते. लिथियमचं उलट. महिनाभर बाहेर पडायचं नसेल तर तिला अर्ध्यावर, म्हणजे साधारण 7.6 व्होल्टवर, थंड जागी ठेवायची. एकीला पोटभर, एकीला अर्धपोटी! थंड जागा म्हणून काकांनी देवघराखालचा कोनाडा रिकामा करवला. फ्रीज सुचवलात तर ‘ओल धरेल’ म्हणून डोळे वटारतात.

मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि उन्हात उभ्या गाडीच्या डिकीची भट्टी होते. तेव्हा बॅटरी काकांच्या मांडीवर प्रवास करते. दहीभाताचा डबा डिकीत जातो आणि तळ्यावर पोहोचेपर्यंत आंबून फसफसतो.

कोठीच्या गुजराती गल्लीत, जिथे इलेक्ट्रॉनिक्सचं सगळं मिळतं, काका मल्टिमीटर खिशात घालूनच शिरतात. दुकानदाराचा प्रत्येक सेल मोजतात, तोंड वाकडं करतात, काही न घेता निघतात. तिथल्या पोरानं एकदा हात जोडले: ‘चाचा, लेना नई तो नक्को लेव, पन रोज मीटर लेके कायकू आते?’

तळ्यावर, म्हणजे पैसे भरून गळ टाकू देतात अशा शहराबाहेरच्या शेततळ्यावर, मासा येईपर्यंत काका इतिहास सांगतात: 1908 चा मुसीचा महापूर, विश्वेश्वरय्यांची योजना, 1920 साली पुरा झालेला उस्मानसागर, 1927 चा हिमायतसागर. मासा न आल्यामुळे इतिहास निजामाच्या संस्थानाच्या विलीनीकरणापर्यंत पोहोचतो. शेजारी एखादा मुशीराबादचा गडी बांबूच्या काठीला कणकेची गोळी लावून रोहूवर रोहू काढत असतो. काका त्याच्याकडे दयेनं पाहतात. बिचाऱ्याकडे बॅटरीच नाही!

तरी बॅटरीच्या बाबतीत त्यांचा शब्द खोटा ठरलेला मी पाहिलेला नाही. त्यांचं ऐकून चालणाऱ्यांचे फोन, स्कूटर, इन्व्हर्टर सगळं टिकतं. तेव्हा एवढं करा. बॅटरी फुगलेली दिसली तर टोचू नका, चार्ज करू नका, वाळूच्या बादलीत घालून घराबाहेर ठेवा आणि बॅटऱ्या घेणाऱ्या संकलन केंद्रात द्या. 2022 च्या बॅटरी-कचरा नियमांनुसारही ती इतर कचऱ्यात मिसळायची नसते. आणि कालवण खायचं असेल तर सरळ रामनगरच्या मासळी बाजारात जा. काकांच्या भरवशावर मसाला वाटून ठेवू नका.