मनसरच्या गाईडभाऊंना जाहीर पत्र

मा. गाईडभाऊ,

जय भीम, राम राम, नमो बुद्धाय, नमस्कार. यातला पटेल तो घ्या, उरलेले परत करा. समोरचा माणूस बघून माल दाखवायचा ही तुमचीच रीत, ती आम्ही एका दिवसात उचलली.

तुमच्या पत्रकावर ‘प्राचीन बौद्ध मंदिरे व राजवाडे, एक दिवसीय सहल, नाश्ता-जेवणासह’ असं ठळक छापलं होतं. राजवाडे अनेकवचनी का, हे कामठीत कळलं. ड्रॅगन पॅलेसच्या नावात पॅलेस आहे, म्हणून तुम्ही तो राजवाड्यांच्या खात्यात जमा केलात. मंदिर सुंदरच आहे, शांतही आहे. जपानी मदतीतून १९९९ साली उभं राहिलं. एवढ्या अल्पवयात त्याला ‘प्राचीन’ ही पदवी आपल्या हस्ते मिळाली, त्याबद्दल अभिनंदन.

पण तुमची खरी प्रतिभा खुलली ती मनसरला, हिडिंबा टेकडीच्या पायथ्याशी. पुढच्या सीटवरच्या काकूंनी विचारलं, हे कोणाचं? ‘हिडिंबेचं, ताई. भीम इथंच भेटला तिला.’ बुद्धवंदना म्हणून आलेल्या कुटुंबाला सांगितलंत, ‘नागार्जुनांचा विहार, दादा.’ निवृत्त मास्तरांना ‘वाकाटकांचा महाल, सर.’ आणि पोट्टे कंटाळलेले पाहून भुयार काढलंत, थेट रामटेकला निघणारं. महाराष्ट्रात पडक्या भिंतीखाली भुयार नसेल तर तिला कोणी विचारत नाही, हे तुम्हाला बरोबर ठाऊक आहे. एकाच टेकडीचे वीस मिनिटांत तीन मालक, वर एक भुयार, आणि विचारणाऱ्यांपैकी एकही नाराज नाही! भूमी अभिलेख खात्यानं तुम्हाला मानधनावर घ्यायला हवं.

गंमत अशी, भाऊ, की भुयार सोडलं तर तुमची उत्तरं अगदीच वाऱ्यावरची नव्हती. हिडिंबेचं नाव लोकांच्या तोंडी आहेच. भदन्त सुरई ससाई जपानहून आले आणि नागपूरचेच झाले. बौद्ध आचार्य नागार्जुनांचा शोध घेत ससाईंच्या संस्थेनं नव्वदच्या दशकाच्या अखेरीस इथं उत्खनन सुरू केलं. जगतपती जोशी आणि अरुणकुमार शर्मा यांच्यासारखे जाणते पुरातत्त्वज्ञ त्याला लाभले. शोधायला गेले नागार्जुन. बौद्ध अवशेषांची नोंद तर झालीच, पण विटांचा एक अवाढव्य पसाराही हाती आला. उत्खनन करणाऱ्यांनी पायथ्याच्या वास्तूला वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा राजवाडा म्हटलं, त्याची राजधानी प्रवरपूर ती हीच असं मांडलं. तिकडे नेदरलँड्सचे हान्स बाकर टेकडीवरच्या अवशेषांत राजाच्या ताम्रपटांतलं ‘प्रवरेश्वर’ हे शिवाचं देवस्थान पाहतात. बांधकामाखाली मातीची एक मानवी आकृती पुरलेली निघाली, त्यावर पुरुषमेधाची, म्हणजे नरबळीच्या यज्ञाची, चर्चा झडली ती वेगळीच. याच टेकडीवर १९७२ मध्ये सापडलेली गुबगुबीत शिवमूर्ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात बसून हे सगळं ऐकते आहे. तिलाही कोणी शिव म्हणतो, कोणी गण.

आता सांगा, असलं भांडण दुकानात असताना तुम्ही भुयार विकत बसलात! राजा मोठा की भिक्खू, महाल की मंदिर, यावर आमची बस कन्हानच्या पुलापर्यंत हमरीतुमरीवर आली असती. नागपूरकराला पोह्यांवर तर्री आणि गप्पांत वाद लागतोच. पण तुम्ही प्रत्येकाला त्याचं-त्याचं उत्तर पुडीत बांधून दिलंत, आणि सगळे समाधानानं झोपी गेले.

विटांचंही तेच. टेकडीच्या उतारावर थरावर थर चढत गेलेल्या विटा, मधूनच भिंतीतून बाहेर आलेले अर्धस्तंभ, त्यांच्यामध्ये कोनाडे. एकेक वीट आजच्या विटेच्या जवळजवळ दुप्पट लांब. दीड हजार वर्षांपूर्वी कोणीतरी साच्यात माती थापली, भट्टी लावली, विटा टेकडीवर वाहून नेल्या. हे बघायला मान वाकवावी लागते आणि जरा वेळ लागतो. तुम्ही मात्र ‘ग्रुप फोटो, ग्रुप फोटो’ असा पुकारा केलात आणि आमच्यातले सहा जण त्याच थरावर चढले. एकाच्या बुटाखाली कडेची भुकटी झाली. ‘काही नाही होत, जुनंच आहे,’ असं तुम्ही म्हणालात. पुरातन वास्तूविषयी इतकं उदार मत मी आजवर ऐकलं नव्हतं.

जेवणाला मात्र सव्वादोन तास दिलेत. सावजी मटण उत्तम होतं, तक्रार नाही. फक्त त्याच वेळात बस नगरधनला जाऊन आली असती. रामटेकजवळचं हे गाव म्हणजे वाकाटकांचं नंदिवर्धन. तिथल्या अलीकडच्या उत्खननात प्रभावतीगुप्तेची मुद्रा मिळाली, शंखाचं चिन्ह असलेली. दुसऱ्या चंद्रगुप्ताची ही लेक नवऱ्यामागं मुलांच्या नावानं राज्य चालवत होती. प्रवरसेन हा तिचाच मुलगा. ‘सेतुबंध’ हे महाराष्ट्री प्राकृतातलं काव्य परंपरेनं त्याच्याच नावावर आहे. तुमच्या माइकवर या मायलेकरांचं नाव एकदाही आलं नाही. ‘राणीचं न्हाणीघर’ दोनदा आलं. कोणती राणी, हे विचारणाऱ्या मास्तरांना तुम्ही ‘मोठी राणी’ असं सांगून गप्प केलंत.

एक विनंती आहे, धंद्याचीच समजा. पत्रकावर बौद्ध हा शब्द ठेवायचाच असेल तर पुढची बस उमरेड रोडनं पवनीला काढा. भंडारा जिल्ह्यातलं गाव, जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये शां. भा. देव आणि जगतपती जोशी यांनी स्तूप खणून काढला. तिथल्या शिल्पात पाच फण्यांचा मुचलिंद नाग आहे, आणि फण्याखाली आसन रिकामं. बुद्धाची मूर्ती घडवायची पद्धत तेव्हा रुळली नव्हती. नागपूरच्या माणसाला नागाचं वेगळं काय सांगायचं! शिवाय वाटेत भिवापूर लागतं, तिथली मिरची घरी नेता येईल. म्हणजे खरेदीचा थांबाही तुमच्या हिशेबात बसतो.

कळावे, लोभ आहेच.

आपला,
सीट क्रमांक १४ (खिडकी कबूल होती, चाकावरची मिळाली)

ता. क. : पवनीला नदी वैनगंगा आहे. भुयार तिच्याखालून काढायचं असेल तर आधी पाटबंधारे खात्याला विचारून घ्या.