जिभाऊंचं आवर्तन

धुळ्याच्या देवपुरात चहा दोन तऱ्हांचा मिळतो. एक भगुल्यात उकळलेला. पाणी, पत्ती, साखर, आलं, दूध एकापाठोपाठ एक, चार उकळ्या आणि गाळणीतून थेट कपात. दुसरा जिभाऊंच्या किटलीतला. पहिला सगळ्यांना आवडतो. दुसरा आवडला असं सांगावं लागतं.

जिभाऊ पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, म्हणजे खात्यानं त्यांना निरोप दिला. त्यांनी खात्याला अजून दिलेला नाही. आता हाताखाली कालवा नाही, चाऱ्या नाहीत, टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्यांचे अर्ज नाहीत. उरली ती किटली. पाहुणा ओट्यावर टेकतो न टेकतो तोच आतून आवाज येतो, "बसा भाऊ, आवर्तन सोडतोय!" आणि आवर्तन एकदा सुटलं की अर्ध्यातून उठून जाता येत नाही, हा नियम देवपुरात सगळ्यांना ठाऊक आहे. एकविरा देवीच्या दर्शनाला निघालेली माणसं म्हणूनच परतीच्या वाटेवर त्यांच्याकडे डोकावतात, जाताना नाही.

अशी माणसं सगळीकडे असतात. तुमच्या गल्लीत त्यांच्या हाती जुना रेडिओ असेल, घड्याळं असतील किंवा कलमी गुलाब असतील. आमच्या वाट्याला किटल्या आल्या.

इतरांच्या शोकेसमध्ये मुलांच्या ढाली असतात, जिभाऊंच्या शोकेसमध्ये किटल्या. गुलाबाची फुलं काढलेली चिनीमातीची एक आहे, तिचं झाकण दुसऱ्याच किटलीचं. आतून कल्हई केलेली पितळी आहे. टवके उडालेली निळी एनॅमलची आहे. आणि सगळ्यात लाडकी, कुठल्याशा हॉटेलातली जर्मनची, अंगभर पोचे पडलेली. पोचे ठोकून काढायला ते तयार नाहीत. "ते तिचं सर्व्हिस बुक आहे," म्हणतात.

चहाचा विधी ठरलेला आहे. आधी रिकाम्या किटलीत उकळतं पाणी ओतून, हिंदकळवून टाकून द्यायचं. का, तर "कोरड्या पाटात पहिलं पाणी जमीनच पिते." मग पत्ती, मग पुन्हा उकळतं पाणी, मग झाकण आणि झाकणावर टोपडं. हे टोपडं त्यांनी स्वतः शिवलंय. वहिनींच्या जुन्या लुगड्याचे तुकडे, मध्ये कापूस, वर गोधडीसारखे धावदोऱ्याचे टाके. टाके जिभाऊंच्या सहीसारखेच तिरके पडलेत. तोटीसाठी ठेवलेलं भोक नको तिथं आल्यामुळे किटली नेहमी मान वळवून बसल्यासारखी दिसते. पण आजवर एकाही पाहुण्यानं टोपड्याचं कौतुक केल्याशिवाय कप पाहिलेला नाही.

टोपड्याखालची ती पाच मिनिटं खरी कठीण. तेवढ्यात विश्वेश्वरय्या येतात. तरुण विश्वेश्वरय्या 1884 साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून लागले, पुढे खानदेशात धुळ्याला आले आणि पांझरेच्या खोऱ्यात एका प्रवाहाखालून नळाचा सायफन नेऊन त्यांनी पाणी पलीकडे काढलं. जिभाऊ हे असं सांगतात, की जणू पाने लावायला ते स्वतः हजर होते. "म्हणजे काय केलं? किटलीच केली! इकडून पाणी खाली उतरलं, तिकडं आपल्या पातळीला वर आलं. तोटीत दुसरं काय होतं?" मग किटलीच्या काठाला फूटपट्टी आडवी लावून दाखवतात. तोटीचं तोंड काठाच्या बरोबरीला हवं. खाली असलं तर किटली भरण्याआधीच तोटीतून वाहू लागते. मी नंतर घरी जाऊन आमची किटली तपासली. माणूस बरोबर बोलतो, हाच त्याच्याबाबतीतला मोठा त्रास आहे.

पुण्याच्या भाच्यानं एकदा त्यांना सांगितलं, की तोटी ठिबकू नये याचं गणित मांडणाऱ्यांना 1999 साली इग्नोबेल नावाचं गमतीचं पारितोषिक मिळालं, आणि बिस्कीट चहात किती वेळ बुडवावं याचा अभ्यास करणाऱ्यालाही त्याच वर्षी. जिभाऊंना त्यात गंमत काही दिसली नाही. "गळतीचा प्रश्न आहे, हसता काय?" म्हणाले आणि तोटीच्या ओठाखाली लोण्याचं बोट फिरवून आले. ठिबकणं खरोखर कमी झालं. चहावर लोण्याचे डोळे मात्र तरंगत होते.

पण सगळ्यात मोठी योजना मातीच्या किटलीची. चीनमध्ये यीशिंगला बिनझिलईच्या मातीच्या किटल्या हातानं घडवतात, आणि एका किटलीत एकाच जातीचा चहा करतात, हे कुठंतरी वाचून जिभाऊ थेट कुंभाराकडे गेले. उन्हाळा तोंडावर, कुंभार माठांच्या गडबडीत. त्यानं चित्र उलटंसुलटं करून पाहिलं. "जिभाऊ, तुमले तोटीना माठ जोयजे का?" तोटीचा नाही, चहाचा, हे पटवण्यात सकाळ गेली. पोट चाकावर झालं, तोटी हातानं वळली, दोन्ही ओल्या मातीनं जोडली. पहिली तोटी वाळताना तडकली, कारण बारीक तोटी आधी सुकते आणि जाडं पोट मागं राहतं. दुसऱ्या खेपेला कुंभारानं जोडावर ओलं फडकं गुंडाळलं आणि किटली भट्टीतून धड बाहेर आली. खापरासारखी लाल, देखणी. खरंच देखणी.

भर मे महिन्यात तिचं उद्घाटन झालं. चहा ओतला, टोपडं घातलं, विश्वेश्वरय्या होऊन गेले. टोपडं काढलं तर ते ओलंचिंब, किटलीला घाम फुटलेला आणि चहा कोमट. यीशिंगची माती कडक आचेत भाजून दगडासारखी होते. आपल्या माठाची माती मंद आचेची, सच्छिद्र. तिच्यातून पाणी झिरपतं, वाफ होऊन उडतं आणि आतलं गार होतं. त्यासाठीच तर आपण माठ घेतो! कुंभार उद्घाटनाला आला होता, तो कपाळाला हात लावून म्हणाला, "मी काय सांगू राहिनू तुमले!" जिभाऊ किंचितही डगमगले नाहीत. "खात्यात याला पाझर तलाव म्हणतात," एवढं बोलून त्यांनी कप भरले. हल्ली त्या किटलीनं तुळशीला पाणी घालतात.

ओतण्याचा मान मात्र ते कोणाला देत नाहीत. खानदेशातल्या जुन्या फड पद्धतीत शेतकरी आपल्या हातानं पाणी घेत नाही, गावानं नेमलेला पाटकरी देतो, आणि म्हणून भांडणं कमी होतात, हा त्यांचा आवडता दाखला. किटलीतला वरचा चहा फिका, तळाचा कडक. म्हणून ते प्रत्येक कपात थोडा थोडा ओतत टेलपर्यंत जातात आणि उरलेला ओतत उलटे हेडला येतात. टेल म्हणजे दाराशी, चपलांजवळ बसलेला माणूस. गॅसची टाकी आणणारा मुलगा असो की कॉलेजचे प्राचार्य, सगळ्यांच्या कपात रंग एकच. मी अनेकदा कप शेजारी शेजारी धरून पाहिलेत. फरक सापडत नाही.

वहिनी हे सगळं आतून ऐकत असतात. जिभाऊ रिकामी किटली घेऊन मोरीकडे वळले, की त्या दुसऱ्या दारानं ट्रे घेऊन येतात, भगुल्यातला, आल्याचा, वाफाळता. पाहुणे तो मुकाट्यानं पितात. जिभाऊंनाही हे ठाऊक आहे, कारण परत आल्यावर ते ट्रेमधला उरलेला कप उचलतात आणि बशीत ओतून भुरकतात. "हा चहा नाही," दर वेळी म्हणतात, "हा पूर आहे."

देवपुरात आलात तर जिभाऊंकडे जरूर जा. टोपड्याला चांगलं म्हणा, सायफनचं ऐकून घ्या, पहिला कप संपवा. दुसऱ्यासाठी थांबा.