आतली बाजू

कोटवाल्यांचं खरं आडनाव जोशी की देशपांडे, हे आता सोसायटीच्या चिटणिसांनाही मेन्टेनन्सची पावती फाडताना रजिस्टरमध्ये बघावं लागतं. बँकेतून निवृत्त झाल्यावर माणसं गीतेच्या वर्गाला जातात, नाहीतर नातवंडांच्या मागे लागतात. हे जुन्या कपड्यांच्या मागे लागले. जुन्या म्हणजे स्वतःच्या नव्हे, दुसऱ्याच्या. स्वतःचे जुने कपडे वहिनींनी केव्हाच बोहारणीला देऊन टाकले होते, आणि त्या व्यवहाराचं दुःख कोटवाल्यांना आज, तीस वर्षांनी, होऊ लागलं आहे.

पुण्यात जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, मंगळवार पेठेत. ड्रिल मशीन, पितळी नळ, किल्ल्या हरवलेली कुलपं, कुलपं हरवलेल्या किल्ल्या आणि मोबाइलचे चार्जर यांच्या मधोमध कुठेतरी जमिनीवर प्लास्टिक अंथरून कपड्यांचा ढीग टाकलेला असतो. कोटवाले त्या ढिगाकडे थेट कधीच जात नाहीत. आधी शेजारच्याकडे एक पाना उचलतात, त्याचा भाव विचारतात, नाक मुरडतात आणि मग सहज पाय वळल्यासारखे कपड्यांकडे वळतात. गरज दाखवली की भाव चढतो, असं त्यांचं शास्त्र आहे. कपडेवाल्यालाही हे शास्त्र पाठ आहे. पानावाला आणि तो सख्खे मेव्हणे आहेत.

आपण कोट घेताना आरशात बघतो. रंग चेहऱ्याला उठतो का, पोट झाकतं का, लग्नात चालेल का. कोटवाले कोट उचलला की आधी उलटा करतात. बाहेरची बाजू त्यांच्या लेखी निव्वळ लोकांसाठी असते. अस्तर कसं लावलंय, बगलेत टाके हाताचे की मशीनचे, शिवणीत मार्जिन किती सोडलंय. जुने शिंपी पँटच्या मागच्या शिवणीत दोन बोटं जादा कापड सोडत, कारण गिऱ्हाईक पुढे सुटणार हे त्यांना माहीत असे. असं मार्जिन सापडलं की कोटवाले त्या अनोळखी शिंप्याला तिथेच, रस्त्यावर, हात जोडतात.

मग चिमटीची परीक्षा. खालच्या काजाजवळ बाहेरचं कापड आणि आतलं कापड वेगवेगळ्या बोटांत धरून ओढायचं. मध्ये तिसरा थर सुटा हलला, तर आत कॅनव्हास आहे, घोड्याच्या केसांचं, टाक्याटाक्यानं बसवलेलं. असा कोट अंगाची घडी घेतो. काही हललं नाही, तर तो थर उष्णतेनं चिकटवलेला. असा कोट चार वेळा ड्रायक्लीनिंगला गेला की छातीवर फुगे येतात. "याला कांजिण्या आल्यात," म्हणून कोटवाले तो बाजूला ठेवतात. त्यानंतर बटण गालाला लावून बघायचं. शिंगाचं असेल तर गार लागतं, प्लास्टिकचं लागत नाही. भर बाजारात एक साठीचा माणूस डोळे मिटून दुसऱ्याच्या कोटाला गाल लावून उभा आहे, हे दृश्य बघून दोन बायकांनी एकदा त्यांना पाणी विचारलं होतं.

शेवटची परीक्षा अग्नीची. शिवणीतून एक धागा ओढायचा आणि काडी लावायची. लोकर असेल तर केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरगळते. टेरिलीन असेल तर वितळून कडक मणी होतो.

"काका, धंदा पेटवाल माझा."

"लोकर असेल तर पेटणार नाही. लोकर आपण होऊन विझते."

"आणि नसली तर?"

"मग पेटायच्याच लायकीचा आहे."

कपडेवाला आता शहाणा झाला आहे. रविवारी कोटवाल्यांची टोपी लांबून दिसली की तो चांगले कोट आपणच उलटे करून मांडतो आणि वर दोनशे रुपये चढवतो.

टेरिकॉट या नावानं कोटवाल्यांचं रक्त उकळतं. वहिनी अशा वेळी भिंतीवरच्या लग्नाच्या फोटोकडे बोट दाखवतात. त्यात नवरदेव नखशिखान्त टेरिकॉटमध्ये आहेत. "सासऱ्यांनी शिवला होता," एवढंच कोटवाले म्हणतात. त्यांची भक्ती लोकरीवर: कानपूरची लाल इमली, जामनगरचं दिग्जाम, १९२५ साली ठाण्यात निघालेली रेमंड. कापडाच्या किनारीवर विणलेलं गिरणीचं नाव शिंप्यानं चुकून आत शिल्लक ठेवलं असेल, तर ते चष्मा कपाळावर चढवून वाचतात. हॅरिस ट्वीडवर तर ते पाऊण तास बोलू शकतात. स्कॉटलंडच्या पश्चिमेच्या बेटांवर, विणकरानं स्वतःच्या घरी हातमागावर विणलं तरच त्याला ते नाव. तसा ब्रिटिश पार्लमेंटनं १९९३ साली कायदाच केलेला. ते लेबल त्यांना जुन्या बाजारात एकदा मिळालं. लेबल अस्सल होतं. ते ज्या कोटावर शिवलं होतं तो कोट मात्र काडी लावताच मणी झाला.

मराठी माणसाला पानिपत म्हटलं की विश्वासराव आठवतात, भाऊसाहेब आठवतात. कोटवाल्यांना ट्वीड आठवतं. आपल्याकडे घालण्याजोगे जुने कपडे परदेशातून आणायला परवाना लागतो. चिंध्या केल्या तर मात्र वाट मोकळी. म्हणून विलायतेतले चांगले चांगले लोकरी कोट आधी कापतात आणि पानिपतच्या गिरण्यांत त्यांचा पिंजून पुन्हा धागा होतो, धाग्यांची ब्लँकेटं होतात. "किती कोट गेले, मोजदाद नाही," असं ते अशा आवाजात सांगतात, की ऐकणाऱ्याला वाटावं १७६१ मध्ये यांचं कुणीतरी सख्खं गेलं. आणि गंमत अशी, की कसर लागलेल्या कोटाला त्यांच्याकडे जो रफू करतो तो नजीबाबादचा. रफूगारांचं गाव म्हणून ते नावाजलेलं आहे, आणि वसवलं कुणी, तर नजीबखान रोहिल्यानं. "पानिपतावर फाटलं ते नजीबाच्या गावचा माणूस शिवतो!" कोटवाले हे त्या रफूवाल्याला दर खेपेला ऐकवतात. तो बिचारा मान डोलावतो आणि भोकामागे पन्नास रुपये घेतो.

मुंबईच्या चोरबाजारातल्या त्यांच्या फेऱ्यांबद्दल मी फार लिहीत नाही, कारण तिथून ते बूट आणतात आणि दुसऱ्याच्या बुटांबद्दल वहिनींची मतं छापण्याजोगी नाहीत.

हिंजवडीत नोकरी करणाऱ्या त्यांच्या भाच्याला जुन्या जीन्सचा नाद आहे. मामा-भाचे भेटले की एकमेकांची ख्यालीखुशाली विचारण्याआधी तो पँटची लाल पट्टी दाखवतो: लेव्हाइसच्या नावातला 'ई' मोठ्या लिपीतला असेल तर माल १९७१ च्या आसपासचा किंवा त्याआधीचा. मामा पट्टी बघतात, पँट उलटी करतात, बाजूच्या शिवणीची किनार बघतात आणि म्हणतात, "चांगली आहे. पण ही खाणीतल्या मजुरांची पँट ना रे?" भाचा दुखावतो. त्यानं ती अकरा हजारांना घेतलेली असते.

आता या सगळ्या कोटांचं कोटवाले करतात काय, तर काही नाही. पुण्याची थंडी डिसेंबरात येते आणि संक्रांतीचा तिळगूळ संपायच्या आत जाते. शिवाय कोट अंगाला येईल तर ना. "खांदा बसला पाहिजे, बाकी सगळं शिंपी करतो," हे त्यांचं तत्त्व. आजवर खांदा बसला तो एका कोटाचा, आणि त्याची बाही कोपरापाशी संपते.

मागच्या महिन्यात तिसऱ्या मजल्यावरचे सबनीसकाका गेले. दिवसकार्य झाल्यावर कोटवाले आणि वहिनी भेटायला गेले, मीही होतो. सबनीसकाकांचा एक करडा कोट होता. वीस वर्षं तो लिफ्टमध्ये कोटवाल्यांच्या शेजारी उभा होता, पण आतून एकदाही बघायला मिळाला नव्हता. कोटवाल्यांनी काकांच्या स्वभावाबद्दल चार शब्द काढले, मग तब्येतीबद्दल, मग थंडीबद्दल.

"काका थंडीत तो कोट घालायचे, नाही का?"

"हो ना," काकूंनी डोळ्यांना पदर लावला. "बघवेना हो तो कपाटात. परवाच बोहारणीला दिला. दोन पँटी, तीन शर्ट आणि तो."

कोटवाल्यांचा चेहरा असा पडला, की इतका शोक पाहून काकूंनाच गहिवरून आलं. वहिनी मात्र छताकडे बघत होत्या.

"बोहारीण कुठल्या वारी येते?" कोटवाल्यांनी खोल आवाजात विचारलं.

"तसं काही नाही. पण देवमाणूस हो. हे बघा, एवढं मोठं पातेलं दिलं." काकूंनी आतून पातेलं आणून दाखवलं.

कोटवाल्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, उलटं केलं आणि खिडकीच्या उजेडात बूड निरखून बघितलं. नखानं टिचकी मारून आवाज ऐकला.

"काकू, पत्रा पातळ आहे."

"असू दे हो," काकू म्हणाल्या, "दूध लागत नाही त्यात."