एकाच स्क्रूचा भरवसा

लग्नात गुरुजी उशिरा आले तर मंगलाष्टकं म्हणायला एखादी हौशी आत्या मिळते आणि मामा रुसला तर लांबचा मामा उभा करता येतो. फ्लॅशच्या ब्रॅकेटवर कॅमेरा धरून ठेवणाऱ्या स्क्रूला मात्र बदली उमेदवार नसतो. शेवटचं ‘सावधान’ होऊन अंतरपाट दूर होतो, फोटोग्राफर कॅमेरा उभा करतो, आणि नेमक्या त्या क्षणी लेन्स नम्रपणे मान खाली घालते. वधूवरांच्या जागी करवलीच्या हातातला करा टिपला जातो. अशा वेळी ‘नीट आवळला नव्हतास’ हा ठपका ठरलेला. तो अन्यायाचा आहे. दोष आवळण्यात नसून मोजणीत आहे: कॅमेरा एकाच बिंदूवर धरला, तर तो फिरणारच.

पुरावा कॅमेऱ्याच्या बुडाशीच आहे. तिथला स्क्रू पाव इंची, इंचाला २० आटे. जगभर हेच माप चालावं म्हणून आयएसओ १२२२ नावाचं मानकही आहे. म्हणजे एका फेऱ्यात तो १.२७ मिलिमीटर सरकतो, आणि पाव फेरा सैल झाला तरी जवळपास ०.३ मिलिमीटरची ढील पडते. आट्यांचं काम कॅमेरा ब्रॅकेटपासून उचकटू न देणं, आणि ते काम ते चोख करतात. फिरणं अडवण्याची जबाबदारी त्यांच्यावर कुणी टाकलेलीच नाही. ती दोन पृष्ठभागांतल्या घर्षणावर आहे. जात्याच्या मधोमध एकच खीळ असते ती वरचा दगड फिरावा म्हणूनच. तीच रचना करून वर ‘फिरू नकोस’ अशी अपेक्षा ठेवणं, हे ब्रॅकेट बनवणाऱ्यांचं आशावादी धोरण म्हणायचं.

त्यात लेन्सचं वजन. कॅननच्या फाइव्ह डी मार्क थ्रीला २४-७० एफ २.८ची दुसरी आवृत्ती लावली, तर सगळं मिळून पावणेदोन किलो भरतं, आणि त्यातले सुमारे ८०० ग्रॅम स्क्रूच्या पुढे लोंबकळत असतात. कॅमेरा आडवा असताना हे वजन स्क्रूला पिळत नाही. उभा केला की स्क्रू आडवा होतो आणि लेन्स त्याच्याभोवती खाली जाऊ पाहते. आता इथे एक बारीक गंमत आहे. ग्रिप वरच्या बाजूला घेऊन कॅमेरा उभा केला, तर लेन्सचं झुकणं आटे सोडवण्याच्या दिशेने होतं. ग्रिप खाली घेतली तर आवळण्याच्या दिशेने. शिवाय डाव्या बाजूला दांडा असलेल्या ब्रॅकेटवर ग्रिप खाली घेतली की फ्लॅश वर येतो, आणि उजवं कोपरही पोटाशी टेकतं. तरीही बहुसंख्य मंडळी ग्रिप वर घेतात, फ्लॅश खाली जातो, आणि नवरदेवाच्या फेट्याची सावली मागच्या पडद्यावर चढते.

‘मग जोर लावून आवळा की!’ असं म्हणणारे असतात, आणि त्यांच्या खिशात स्क्रूच्या खाचेत बसणारं नाणंही असतं. पण स्क्रू जरा लांब असेल, तर तो भोकाच्या तळाला टेकतो. हाताला घट्ट लागतो आणि कॅमेरा मात्र डुगडुगत राहतो. त्यावर आणखी जोर म्हणजे आटे जाणं किंवा तळ फुटणं. उपाय दोन पैशांचा आहे: मधे एक वॉशर. तसंच जाड, लुसलुशीत रबराची गादी घालू नये. ती दाबली जाते म्हणून घट्ट वाटते, पण आडव्या ओढीला तिरपी होते. पातळ कॉर्क किंवा कडक रबर बरं, आणि ते स्क्रूभोवती टिकलीएवढं नको, बुडाच्या रुंदीएवढं हवं. दाब तेवढाच असला, तरी घर्षण स्क्रूपासून जितकं लांब तितकी पकड जास्त.

खरा इलाज मात्र दुसरा आधार हाच. कॅमेऱ्याच्या पाठीला टेकेल अशी उभी कड असलेली पट्टी घ्यावी. कॅमेरा फिरायला लागला की तिच्यावर अडतो. व्हिडिओ कॅमेऱ्यांच्या बुडाला स्क्रूच्या भोकाशेजारी खुंटीसाठी वेगळं भोक असतं, ते याचसाठी. फोटोच्या बहुतेक कॅमेऱ्यांना ते नसतं. फोटोग्राफर शांत स्वभावाचे असतात असा समज असावा.

‘ब्रॅकेट हवंच कशाला, फ्लॅश छताकडे वळवा’ हा आक्षेप शहाण्यांचा आहे. पण लॉनवरच्या लग्नाला छत म्हणून आकाश असतं, आणि मांडवात लाल-पिवळं कापड. त्यावरून परतलेला उजेड हळद उतरल्यावरही नवरीला हळदीत ठेवतो. ‘फेव्हिक्विक लावा’ या सूचनेत चिकाटी आहे, पण स्क्रू भोकात कायमचा चिकटला तर पुढच्या मुहूर्ताला ट्रायपॉड कुठे लावणार? पट्टा मात्र ब्रॅकेटला नव्हे, कॅमेऱ्याच्या कड्यांनाच बांधावा. स्क्रूने दगा दिलाच तर कॅमेरा गळ्यात राहतो. आणि कॅमेरा बसवून झाला की स्क्रूच्या डोक्यावरून ब्रॅकेटवर नेलपॉलिशची एक सरळ रेघ ओढावी. रेघ तुटलेली दिसली, की स्क्रू हलला. नेलपॉलिश नवरीच्या खोलीत हमखास मिळतं. मागताना कारण मात्र सांगत बसू नये, मुहूर्त टळतो.