भावबघे

भावबघे खरेदी करत नाहीत, ते कायम खरेदीच्या बेतात असतात. त्यांच्या मुलाला प्लेस्टेशन 5 हवा होता. फेब्रुवारी 2021 मध्ये तो आपल्याकडे 49,990 रुपयांना आला. भावबघे म्हणाले, "थांब. पहिल्या लॉटचा माल घेऊ नये. उतरेल." 2022 संपता संपता किंमत 54,990 झाली. बापलेकांत दोन दिवस अबोला.

मग जुलै 2023 मध्ये काही दिवसांसाठी साडेसात हजारांची सूट निघाली.

"बाबा, आता?"

"आता तर मुळीच नाही! एवढे सोडतोय म्हणजे माल पडून असणार." आणि त्याच दुकानात सूट नसलेला एक्सबॉक्स त्यांच्या मनात एकदम भरला. "हा बघ, भावाला ठाम."

सेगाच्या ड्रीमकास्ट या कन्सोलची कथा त्यांना तोंडपाठ. जानेवारी 2001 मध्ये कंपनीने तो बंद करणार म्हणून सांगितलं आणि किंमत 99 डॉलरवर आली. स्वस्त झाला की गेला, हा त्यांचा सिद्धांत. निन्टेंडोने 2011 मध्ये थ्रीडीएस 250 डॉलरवरून 170 वर आणला, आधी घेणाऱ्यांना 20 गेम फुकट दिले आणि खप वाढला, हे मात्र त्यांच्यासमोर काढू नये. सुटे भाग स्वस्त होतात, कंपनी खरा पैसा गेममधून काढते, हे सांगून तर मुळीच उपयोग नाही.

मे महिन्यात आमची दोन्ही घरं म्हैसूरहून तलकाडला गेली. अलमेलम्मा नावाच्या एका स्त्रीच्या शापाने हे गाव वाळूखाली गेलं म्हणतात. भावबघे त्या तापलेल्या वाळूत उभे राहून मोबाइलवर भाव बघत होते. वैद्येश्वराचं दर्शन झाल्यावर कावेरीत टोपलीसारख्या गोल होडीतून फेरी मारायचं ठरलं. नावाड्याने माणशी 100 सांगितले. "स्वल्प कम्मी माडी," असं चार वेळा म्हटल्यावर तो 60 वर आला. लगेच भावबघे वाकले आणि टोपलीच्या बुडाचं डांबर नखाने खरवडू लागले.

"अहो, बसा ना," वहिनी म्हणाल्या.

"एका दमात 40 सोडले! गळत असणार."

शेवटी 100 वर अडून बसलेल्या दुसऱ्याच्या टोपलीत बसलो. मधल्या धारेत पाणी घोट्यापर्यंत आलं. भावबघे चपला हातात घेऊन समाधानाने म्हणाले, "पण माणूस भावाला पक्का!"

मुलगा आता इंजिनिअरिंगला आहे आणि कन्सोल अजून यायचाय. तुमच्याकडे जुना प्लेस्टेशन धूळ खात पडला असेल तर हे गिऱ्हाईक सोडू नका. आकडा सांगा आणि तोंड मिटून बसा. एक रुपया जरी कमी केलात तरी सौदा मोडला समजा.