गुरुजी आणि मोकळा हात

गुरुजींच्या घरी चपला दाराबाहेर काढायच्या, आणि तुमची तलवार हातात आहे की म्यानात हे आत शिरतानाच सांगायचं. नंतर सांगितलेलं धरत नाहीत.

गुरुजी हे त्यांचं नाव नव्हे, पदवी आहे, आणि ती आम्ही दिलेली आहे. माणूस मूळचा चिपळूणकडचा. बंगळुरात एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंग बघतो, जयनगरात भाड्याने राहतो आणि दर शनिवारी संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ चालवतो. चालवतो म्हणजे तो डीएम. राक्षस त्याचे, गुहा त्याच्या, पाऊससुद्धा त्याच्याच मर्जीने पडणार. आम्ही आपले वीस बाजूंचे फासे टाकायचे आणि मरायचं.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांनी एवढंच समजून घ्यावं की टेबलाभोवती बसून सगळ्यांनी मिळून एक गोष्ट रचायची असते, आणि आपल्या पात्राचं साधलं की फसलं ते फासे सांगतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ 1974 साली अमेरिकेतल्या लेक जिनिव्हा नावाच्या लहानशा गावातून बाजारात आला. एका खोक्यात तीन पुस्तिका. नियम पटले नाहीत तर बदला, अशी मोकळीक कर्त्यांनीच दिली होती. ही मोकळीक देताना जगात पुढे टेस्टिंगवाले जन्माला येतील याचा त्यांनी विचार केलेला दिसत नाही.

दिवसभर दुसऱ्याच्या कामातल्या फटी शोधणाऱ्या माणसाला शनिवारी तरी विश्रांती हवी. पण गुरुजींना जादूतही फट दिसते, आणि दिसली की तिच्यात बोट घातल्याशिवाय राहवत नाही. सगळ्यात लाडकी फट म्हणजे मोकळा हात. दोन्ही हातांत हत्यारं असताना मंत्र टाकता येतो का?

जुन्या काळी हा प्रश्न फारसा नव्हता. जादूगाराने खंजीर नाहीतर काठी वापरायची, चिलखताच्या वाटेला जायचं नाही, विषय संपला. 2000 साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत जादूगार चिलखत घालू लागला, पण मग त्याचा मंत्र फसण्याची टक्केवारी मोजावी लागे. 2014 च्या पाचव्या आवृत्तीने ते गणितही काढून टाकलं. ज्याला चिलखत वापरता येतं त्याने ते घालून खुशाल मंत्र म्हणावेत. अडसर उरला तो फक्त हाताचा. मंत्राला तीन गोष्टी लागू शकतात: उच्चार, हातवारे आणि सामग्री. हातवाऱ्याला एक हात मोकळा हवा. सामग्री काढायलाही हात हवा, पण तो तोच चालतो. आगीचा गोळा फेकायचा तर वटवाघळाची विष्ठा आणि गंधक लागतं. हे पुस्तकात आहे. त्यात गुरुजींचा काही हात नाही.

आता गंमत बघा. आमच्या टोळीचा क्लेरिक, म्हणजे देवाचा माणूस, बेळगावचा. एका हातात गदा, दुसऱ्या हातात ढाल, ढालीवर देवाचं चिन्ह. पुस्तक म्हणतं, चिन्ह सामग्रीच्या जागी चालेल, आणि सामग्री धरलेल्या हाताने हातवारेही करता येतील. म्हणून ‘ब्लेस’ हा आशीर्वादाचा मंत्र त्याला ढालीसकट टाकता येतो, कारण त्याला सामग्री लागते. ‘क्युअर वुंड्स’ हा जखमा बऱ्या करायचा मंत्र मात्र टाकता येत नाही, कारण त्याला सामग्री लागत नाही! नुसतेच हातवारे, म्हणून हात रिकामाच पाहिजे. कमी लागतं म्हणून जास्त अडतं. सरकारी कचेरीत अर्ज केलेल्या कोणालाही हे तर्कशास्त्र नवीन वाटू नये.

हे उघडकीला आलं त्या रात्री आमचा तिरंदाज मरणपंथाला लागला होता. क्लेरिक धावत आला. म्हणाला, “बरं करतो की वो ह्याला.”

“कुठल्या हाताने?” गुरुजींनी विचारलं.

एवढ्यावर ते थांबले असते तर ते गुरुजी कसले. ते स्वयंपाकघरात गेले, लाटणं आणि स्टीलचं ताट घेऊन आले आणि क्लेरिकला उभं केलं. उजव्या हातात लाटणं, डाव्यात ताट. “आता हातवारे करून दाखव.” त्याने लाटण्यानेच हवेत एक वेलांटी काढली. गुरुजींनी मान हलवली. “बोटं दिसली पाहिजेत.” त्याने ताट बगलेत धरून तीन बोटं नाचवली. ताट निसटलं, फरशीवर गरगरलं आणि खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी छत ठोकलं. तिरंदाज तोवर आणखी एक फासा हरला होता. शेवटी तोच म्हणाला, “मी मरतो, पण हे आवरा.”

त्यावर तोडगा निघाला तो असा. गदा खाली टाकायची, मंत्र म्हणायचा, गदा उचलायची. पाचव्या आवृत्तीत हातातलं टाकायला काही किंमत पडत नाही, आणि आपल्या पाळीत एक वस्तू फुकट उचलता येते. नियमात चोख बसतं. परिणाम एवढाच, की देवाचा हा तेजस्वी सेवक दर पाळीला गदा आपटतो, पुटपुटतो आणि वाकून ती उचलतो. गुरुजींना हे सौंदर्यदृष्ट्या खटकलं. त्यांची एक लाल बाइंडिंगची लांब वही आहे, किराणा दुकानात उधारी मांडतात तसली. तिच्यात त्या रात्री कलम सात आलं: टाकलेली वस्तू खाली पडते. आणि उपकलम: खाली काय आहे ते डीएम ठरवेल.

पुढच्या शनिवारी खाली तळं होतं. फेसाळणारं, मधूनच पेट घेणारं. आम्ही या कल्पनाशक्तीला दाद देणार होतो, इतक्यात बसवनगुडीचा आमचा कन्नड गडी म्हणाला, हे बेळंदूरचं तळं आहे. खरंच तेच होतं. 2017 साली ते पेटलं तेव्हा धूर साऱ्या शहराने पाहिला होता. गुरुजींनी नुसता ड्रॅगन घातला होता. गदा त्या तळ्यात गेली ती गेलीच.

मोकळ्या हाताच्या अडचणीला पुस्तकात उपाय नाही असं नाही. ‘वॉर कास्टर’ नावाचं एक फीट, म्हणजे पात्राला घेता येणारं खास कसब, आहे. ते घेतलं की दोन्ही हात भरलेले असले तरी हातवारे चालतात. पण 2014 च्या नियमांप्रमाणे त्यासाठी पात्राच्या गुणांत मिळणारी दोनची वाढ सोडावी लागते, आणि मराठी माणूस हक्काची वाढ सोडत नाही, मग ती पगारातली असो की ताकदीतली.

गुरुजींच्या पत्नीही खेळतात. त्यांचं पात्र लढवय्यी जादूगारीण, हातात पुरुषभर उंचीची दोन हातांची तलवार. पहिल्याच दिवशी गुरुजींनी सवयीने विचारलं, “हात मोकळा आहे?” वहिनींनी पुस्तक उघडून समोर धरलं. दोन हात वार करतानाच लागतात, नुसती धरायला एक पुरतो. म्हणजे सगळ्यात अवजड हत्यारवाली बाई मंत्राला कायम मोकळी, आणि हलकी गदा नि ढाल घेतलेला क्लेरिक कायम अडकलेला. गुरुजींनी वही उघडली, पेनचं टोपण काढलं, वहिनींकडे पाहिलं आणि टोपण परत लावलं. त्या कलमाची जागा वहीत आजही कोरी आहे.

वादात महाभारत येतंच. गुरुजींचं म्हणणं, आपल्या वीरांना ही अडचण कधी आली नाही, धनुष्य हातात आणि अस्त्राचा मंत्र ओठांवर. अश्वत्थाम्याने तर गवताची काडी मंत्रून अस्त्र सोडलं, सामग्री एवढीशीच. क्लेरिकने विचारलं, “मग कर्ण ऐनवेळी मंत्र विसरला, त्याचं काय वो?” प्रश्न निरागस होता. उत्तर म्हणून कलम अकरा आलं: फाशावर एक पडला की मंत्र विसरला. शाप कोणी दिला होता ते खेळाडूने सांगायचं. या कलमाने आमचे दोन शनिवार खाल्ले, कारण शापकथा रंगायला लागल्या.

कन्नड गडी मात्र पुराव्यावर चालणारा. गांधी बझारात 1943 पासून चालू असलेलं विद्यार्थी भवन हे हॉटेल आहे. तिथला वाढपी तळहातापासून दंडापर्यंत डोशांच्या बशांची चळत रचून गर्दीतून येतो, आणि एकही बशी कलत नाही. हात भरलेला, तरी काम चालू! हा त्याचा मुद्दा. गुरुजींनी तो गांभीर्याने घेतला. शुक्रवारी विद्यार्थी भवन बंद असतं, म्हणून रविवारी आम्ही सगळे गेलो. दाराशी रांगेत उभे राहिलो. आत डोसे आले, लोणी सुटलेले, कडा करकरीत. आम्ही खाल्ले. गुरुजी वाढप्याकडे बघत होते. बाहेर आल्यावर त्यांनी निकाल दिला: “चळत एका हातावर होती. बशा मांडत होता तो दुसरा हात रिकामा होता. पुस्तक बरोबर आहे.”

असं असूनही एक कलम त्यांनी असं लिहिलं आहे की मी ते कुठल्याही टेबलावर शिफारस करीन. ढाल दंडाला पट्ट्यांनी बांधलेली असते, तेव्हा बोटं सोडवता येतात. ढाल घेऊन मंत्र म्हणा, बिनसामग्रीचाही म्हणा, पण पुढची पाळी येईपर्यंत ढालीचा दोनचा बचाव मिळणार नाही. किंमत आहे आणि ती कळते. हत्यार आपटायला नको, फीट घ्यायला नको, तिरंदाज जगतो. अडचण एकच, बचाव कोणाचा सुटलाय हे कोणाच्या लक्षात राहत नाही. म्हणून गुरुजींनी कपडे वाळत घालायचे चिमटे आणले. लाल चिमटा कागदाला लावला की हात भरलेला, हिरवा लावला की मोकळा. मंत्र टाकताना चिमटा बदलायचा. बदलायला विसरलात तर मंत्र गेला. आता आमच्या लढाया निम्म्या वेळात संपतात, मात्र गुरुजींच्या गॅलरीत एक चादर कायम एका कोपऱ्यावर लटकत असते.

2024 मध्ये सुधारित नियमपुस्तक आलं तेव्हा आम्हाला वाटलं, वही आता रद्दीत जाणार. गुरुजींनी पुस्तक घेतलं, ड्रॅगनची चित्रं ओलांडून थेट मंत्रांच्या प्रकरणाशी गेले आणि बोट ठेवून वाचलं. हातवाऱ्याला अजूनही निदान एक हात लागतो. प्रमोशन झाल्यावरही त्यांचा चेहरा इतका फुलला नसेल. त्याच रात्री त्यांनी वहीला नवं कव्हर घातलं.

आम्ही त्यांच्यामागे नावं ठेवतो, पण मधे ते महिनाभर गावी गेले तेव्हा क्लेरिकने डीएम होऊन पाहिलं. “नियमबियम काही नाही, मजा करायची,” असं म्हणून सुरुवात झाली. सगळ्यांनी दोन्ही हातांत दोन तलवारी घेतल्या, तोंडाने मंत्र, ड्रॅगन पहिल्या पाळीला मेला. नऊ वाजता आम्ही एकमेकांची तोंडं बघत बसलो आणि मग पत्ते काढले.

आता त्या क्लेरिकची बदली पुण्याला झाली आहे. जागा रिकामी आहे. शनिवारी संध्याकाळी सहा वाजता, जयनगर, मेट्रो जवळ आहे. मराठी चालतं, कन्नड चालतं, दोन्हींची खिचडी तर चालतेच. क्लेरिक हवा आहे, शक्यतो वॉर कास्टर घेतलेला. नसेल तर येताना स्वतःचे चिमटे आणा.